पाणी प्यायलेला पाहुणा

ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी चंद्रपुरात कोळशाच्या कचेरीत ट्रेसर होते. ट्रेसर म्हणजे दुसऱ्याने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कापड पसरून तो शाईने गिरवणारा माणूस. नकाशात डोकं घातलं तर साहेब रागवायचे, कारण डोकं घालण्याचं काम त्यांचं होतं. मी गिरवायचं आणि गप्प बसायचं. यातलं पहिलं मला चांगलं जमायचं.

त्या वर्षी आमच्या टेबलावर दोन देश एकदम येऊन पडले. एक रशिया, दुसरी विलायत. वरोऱ्याच्या बाजूला जमिनीखाली कोळशाचा एक जाड थर होता आणि तो काढायला मदत करण्याची दोघांनाही भारी घाई झाली होती. मदत कशी, तर कर्ज ते देणार, त्या कर्जातून यंत्र त्यांचंच घ्यायचं, यंत्राचे सुटे भाग त्यांच्याकडूनच मागवायचे आणि ते बसवायला माणसंही त्यांचीच. सासऱ्याने जावयाला सायकल द्यावी आणि चाकात हवा भरायला दर आठवड्याला सासरी बोलवावं, तसा तो प्रकार होता. आमचे साहेब म्हणजे नियोजन विभागाचे प्रमुख. ते चहा पिताना मोकळे बोलत. म्हणायचे, यांना कोळशाशी काही देणंघेणं नाही, कोळसा त्यांच्या घरी ढिगाने पडलाय. त्यांना हवंय एवढंच, की पुढची पंचवीस वर्षं आपण एक स्क्रू मागायलाही त्यांच्या दारात उभं राहावं, आणि दारात उभ्या माणसाने जगाच्या पंचायतीत मालकाविरुद्ध हात वर करू नये.

हे सगळं कळत असूनही साहेबांनी दोन्ही देशांची कॅलेंडरं घेतली होती. रशियाच्या कॅलेंडरवर बर्फातली झाडं, विलायतेच्या कॅलेंडरवर नदीवरचा पूल. ज्या देशाचे पाहुणे येणार असतील त्याचं कॅलेंडर साहेबांच्या समोरच्या भिंतीवर, दुसरं कपाटामागे. ही अदलाबदल करायचं काम माझ्याकडे होतं. देशाच्या परराष्ट्र धोरणात माझा वाटा एवढाच, पण मी तो चोख बजावला.

दोघांच्या योजना मीच गिरवल्या. विलायतेची खाण भुयारी होती. खाली बोगदे, बोगद्यात कोळसा कापणारं यंत्र, आणि वर शेतं, रस्ता, घरं जशीच्या तशी. जमीन थोडी खचेल, साहेब म्हणाले, पण माणसं जागची हलणार नाहीत. रशियाची खाण उघडी होती. वरून सुरुवात करायची आणि कोळसा लागेपर्यंत सगळं उचलून बाजूला टाकायचं. कोळशाच्या वर जे काही असेल त्याला कचेरीत 'ओबी' म्हणत. माती असो, दगड असो, आंब्याचं झाड असो, सगळं ओबी. विलायतेच्या नकाशावर आमचं गाव बारीक काळ्या चौकटींनी दाखवलेलं होतं. रशियाच्या नकाशावर त्या जागी खाणीची कडा होती आणि खणत कुठून कुठे जायचं ते दाखवणारा एक लांब बाण. तो बाण मी लाल शाईने काढला. एका दमात सरळ काढला, हे आता सांगताना लाज वाटते. तेव्हा आपल्या रेघेचा अभिमान होता.

हो, ते गाव माझंच. वरोऱ्याहून चंद्रपूरकडे येताना डांबरी रस्ता सोडून चार किलोमीटर आत, कपाशीच्या काळ्या मातीत. आमच्या ओसरीवरून ऊर्जानगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायच्या. इतक्या जवळून वीज तयार होताना पाहणारं आणि इतकं अंधारात बसणारं गाव दुसरं नसेल. खांब मात्र उभे होते. त्यांना तारा नव्हत्या, म्हणून बाया त्यांना म्हशी बांधायच्या. गावाच्या पूर्वेच्या टोकाला आमची वस्ती, बौद्धांची, आणि वस्तीच्याही टोकाला मायचं घर. बाप रेल्वेत गँगमन होता. त्याने हयातभर दुसऱ्यांचे रूळ सरळ केले आणि त्यातून कवेलूंच्या छपराचं, तीन खोल्यांचं, ओसरीचं घर बांधलं. ते पुरं झालं आणि दोन वर्षांत तो गेला. मायजवळ त्याचं म्हणून तेवढंच राहिलं होतं.

मी ते नकाशे मायला सांगितले. कचेरीतली गोष्ट बाहेर सांगायची नसते हे मला ठाऊक होतं, पण माझ्या पोटात ती दोन दिवसही राहिली नाही. मायने सरपंचांना सांगितलं आणि सरपंचांनी पारावर सभा घेतली. ठरलं ते असं: दोन्ही देशांची माणसं जागा पाहायला येणार आहेत. मंगळवारी विलायतवाले, बुधवारी रशियावाले, हे मीच कळवलं होतं. मंगळवारच्या पाहुण्यांना हार, वाजंत्री, पंगत. त्यांच्या मनात बसलं पाहिजे की एवढ्या चांगल्या गावाला हात लावायचा नाही. बुधवारच्या पाहुण्यांना गावात चिटपाखरूही दिसू नये. विहिरीवरचा दोर आणि बादलीसुद्धा काढून ठेवायची. अमेरिका आणि रशिया इतक्या वर्षांत जे डावपेच शिकले ते आमच्या पाराने एका संध्याकाळी ठरवले.

पंगत कुठे, हा प्रश्न आला तेव्हा मात्र सरपंच घुटमळले. त्यांच्याकडे गावातलं एकमेव टेबल होतं. पण गोरे काय खातात, काय पितात, त्यांचं उष्टं काढायचं कोणी, घरच्या बाया ऐकणार नाहीत, असं त्यांनी खूप वळणं घेत सांगितलं. मग त्यांना सुचलं की पंगत मायकडे करावी, पोरगी कचेरीत आहे, तिला साहेब लोकांच्या सवयी कळतात. आजवर आमच्या ओसरीची पायरी न चढलेल्या माणसाने साऱ्या गावाचे पाहुणे आमच्या ओसरीवर बसवायचे ठरवले. टेबलही पाठवलं. मला राग आला, पण माय म्हणाली, येऊ दे. तिला वाटलं, काही का कारण असेना, गावाची पंगत आपल्या दारात बसते आहे. माय सावली तालुक्याकडची, धानाच्या मुलखातली. लग्न होऊन कपाशीत आली तरी भात शिजवावा तो आपणच, असं ती मानायची. माहेरून तिने वेगळा तांदूळ मागवला.

मंगळवारी सकाळी मी कचेरीत पोचले तर साहेब म्हणाले, कॅलेंडर बदल.

मी पूल उतरवला आणि बर्फ लावला. मग विचारलं, का? साहेबांनी कपाळाला हात लावला. विलायतवाले आपल्या आधी जागा पाहणार हे रशियावाल्यांना रात्री कळलं होतं. त्यांनी दिल्लीला फोन केला, दिल्लीने नागपूरला, नागपूरने आम्हाला. मोठा देश दुसऱ्या नंबरला जात नाही. गावात फोन नव्हता. मी रशियाच्या नकाशाची गुंडाळी काखेत मारून जीपच्या मागच्या बाकावर बसले आणि तासभर गप्प राहिले. त्या दिवशी गप्प बसणंही चांगलं जमलं.

गावाच्या वेशीवरच वाजंत्री सुरू झाली. जीपमधून चार रशियन उतरले. पुढे एक थोराड इंजिनिअर, सोन्याचा एक दात असलेला, त्याच्यामागे दोघे, आणि एक फोटो काढणारा. सोबत दिल्लीहून आलेला दुभाषा. सरपंचांनी झेंडूचा हार इंजिनिअरच्या गळ्यात घातला. आम्ही असे वाजतगाजत मायच्या दारात आलो. माय नवं लुगडं नेसून, चिंच लावून घासलेला पितळेचा लोटा भरून उभी होती. मी पुढे धावत जाऊन तिच्या कानाशी लागले आणि सांगितलं, की हे ते नोहेत, हे खंदणारे हायेत.

मायचा चेहरा उतरलेला मी पाहिला. लोटा हातातच होता. इंजिनिअर दोन पावलांवर उभा राहून हसत होता.

"दारात आला तो पाव्हना," माय हळूच म्हणाली. "आता काय लोटा मांगं घेऊ?"

तिने लोटा पुढे केला. आमच्या घरचं पाणी पाहुण्याने कसं घ्यायचं, याच्या गावात नाना तऱ्हा होत्या. कोणाला नेमकी तेव्हाच तहान नसायची. कोणी नुकताच चहा पिऊन आलेला असायचा. कोणी लोटा हातात घेऊन बोलत राहायचा आणि बोलता बोलता खाली ठेवायचा. मायला या सगळ्या तऱ्हा पाठ होत्या. छप्पनच्या दीक्षेनंतर आम्ही देव बदलले, घरं बांधली, मी नोकरीला लागले, पण त्या लोट्याकडे पाहून लोकांची तहान पळून जायची ती जायचीच. या माणसाने लोटा दोन्ही हातांनी घेतला, तोंडाला लावला आणि घटाघटा संपवला. मिशा पुसल्या. रिकामा लोटा मायपुढे धरून आणखी मागितलं.

दुसऱ्या लोट्यातलं अर्धं पाणी प्याल्यावर त्याला बहुधा आपल्या देशातली काही रीत आठवली. शेजारी सरपंच उभे होते. त्याने लोटा सरपंचांपुढे केला.

सगळं गाव पाहत होतं. फोटोवाल्याने कॅमेरा डोळ्याला लावला होता. वाजंत्री आपोआप थांबली. सरपंच लोट्याकडे पाहत राहिले, मग इंजिनिअरच्या सोन्याच्या दाताकडे, आणि मग त्यांनी मान मागे टाकून वरून धार तोंडात सोडली. लोट्याला ओठ लागू दिला नाही, पण घोट खाली उतरला, तो गळ्यात उतरताना मी डोळ्यांनी पाहिला. रशियाने आमच्या तालुक्यात क्रांती केली ती एवढीच, पण केली हे कबूल करायला हवं.

मग ते जेवले. पाटोडीचा रस्सा, कोंबडी, वडे आणि मायचा भात. इंजिनिअर टेबल सोडून खाली मांडी घालून बसला, मांडी काही बसेना, तरी बसला. तिखटाने त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो भात मागत होता. जेवण झाल्यावर त्याने उभं राहून बराच वेळ भाषण केलं. दुभाष्याने त्याचं हिंदीत एका वाक्यात सांगितलं की साहब बहुत प्रसन्न हैं.

बुधवारी विलायतवाले आले. मायने रात्रीतून दुसरी कोंबडी उसनी आणली होती, पुन्हा चुलीपुढे बसली होती, कारण घर वाचवणारे खरे पाहुणे हे होते. तिघे होते. बोलायला मऊ, वागायला नम्र. त्यांच्या जीपमध्ये उकळलेल्या पाण्याचा कॅन होता आणि डब्यात पाव होता. मायने लोटा पुढे केला. त्यांच्या म्होरक्याने तो हातात घेतला, मान लववून आभार मानले आणि लोटा ड्रायव्हरकडे दिला. ड्रायव्हरने तो जीपच्या बॉनेटवर ठेवला. त्या माणसाच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याच्या डॉक्टरने त्याला बाहेरचं पाणी बंद केलं होतं, साहेबांनी मला नंतर सांगितलं. मी मायलाही सांगितलं. माय म्हणाली, असल. पण इतकी वर्षं इतक्या लोकांचे डॉक्टर तिने पाहिले होते, की त्यात आणखी एकाची भर पडली एवढंच. म्होरक्याने गावातल्या पोरांना एकेक बॉलपेन दिलं आणि ते निघून गेले. लोटा बॉनेटवरून घेऊन माय आत गेली. तिने तो पुन्हा चिंच लावून घासला.

महिन्याभराने तहसिलीतून एक कारकून गावाचं म्हणणं लिहून घ्यायला आला. तो येणार म्हणून मी आदल्या दिवशी एसटीने घरी गेले. मायला काय बोलायचं ते पढवायला गेले होते. पण तिने आधीच ठरवलं होतं. पहिल्या दिवशी आले त्यायले देऊन टाका, ती म्हणाली. मला वाटलं ती थट्टा करते आहे. मग लक्षात आलं, नाही. मी तिला उलगडून सांगितलं, चुलीतल्या कोळशाने जमिनीवर नकाशा काढून दाखवला, हे गाव, ही कडा, हे तुझं घर. ती ऐकत राहिली, जशी मी लहानपणी शाळेतलं म्हणून दाखवायचे तेव्हा ऐकायची.

"माह्या हातचं पानी पेला तो," ती म्हणाली. "मांगून पेला. असा मानूस माह्यं घर खंदन काय?"

"त्याच्या कागदावर तुह्यं घरच नाई, माय."

"अन ज्याच्या कागदावर हाय, त्यानं लोटा गाडीवर ठेवला."

मी तिच्यावर ओरडले. म्हटलं, खाल्ल्या मिठाला जागायला तो काय सावलीचा पाहुणा आहे? त्याचा देश आहे, त्या देशाला यंत्र खपवायचं आहे. माय ताट वाढायला उठली. मी रागाने न जेवता रात्रीच्या शेवटच्या एसटीने परत आले, आणि इतकी वर्षं झाली तरी त्या न जेवण्याचं मला वाईट वाटतं. आमच्या लोकांकडून माणूस ओळखण्यात चूक झाली असेल तर ती ही. आम्ही माणूस पाण्यावरून ओळखायचो, कारण आम्हाला ओळखायला दुसरं काही दिलेलंच नव्हतं.

कारकुनाने लिहून नेलेलं कोणी वाचलं असेल असं मला वाटत नाही. निर्णय झाला तो दिल्लीत. त्या वर्षी दिल्लीला रशियाकडून कोळशाच्या यंत्रांखेरीज आणखीही काही हवं होतं म्हणे, आणि सगळं एकाच बैठकीत उरकलं. साहेब म्हणाले, आपण आपले कोळशाच्या टेबलावर बसून राहिलो, पंगत दुसऱ्याच टेबलावर उठली. कोणाची म्हैस अन कोणाला ऊठबस. रशियाचा अहवाल आला तेव्हा त्याला नकाशे जोडायचं काम माझ्याकडे आलं. त्यात एक वाक्य होतं की स्थानिक जनतेने प्रकल्पाचं उत्स्फूर्त स्वागत केलं. हार, वाजंत्री, पंगत, सगळं त्या एका वाक्यात मावलं होतं. खोटं म्हणावं तर त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पुलाचं कॅलेंडर साहेबांनी मला घरी न्यायला दिलं.

खाण सुरू झाली. कचेरीने लोकांना मुख्य रस्त्याजवळ सारख्या आकाराचे प्लॉट दिले. सरपंच सगळ्यांत आधी हलले. मग एकेक आळी. रशियाचं यंत्र आमच्या पारापेक्षा मोठं होतं आणि त्याच्या एका घासात पार गेला. खांबही गेले, तारा येण्याची वाट पाहून. मायचं घर सगळ्यांच्या नंतर पाडलं. सगळं गाव रिकामं झाल्यावरही ते एकटं जवळजवळ वर्षभर उभं होतं. माय तिथेच राहिली, कापसाचा आणखी एक हंगाम वेचला, परसातल्या लिंबाची लिंबं उतरवली, कवेलू एकेक करून मोजून काढले आणि नव्या प्लॉटवर नेले. तो इंजिनिअर तोपर्यंत आपल्या देशात परत गेला होता.

मायला मात्र कळायचं ते कळलं होतं. नव्या घरी कोणी आलं की ती सांगायची, पूर्ण गाव पाडलं, माह्यं घर शेवटी पाडलं. तो सांगून गेला असल. जागला तो पाण्याले.

खाण पश्चिमेकडून सुरू होऊन पूर्वेकडे सरकत गेली आणि आमचं घर पूर्वेच्या टोकाला होतं. बाण तसाच होता. लाल शाईने तो मीच काढला होता, त्या माणसाने पाण्याचा घोट घेतला त्याच्या कितीतरी आधी. हे मी मायला सांगू शकले असते. त्या रात्रीसारखं ओरडून नाही, नीट बसून. सांगितलं नाही. घर गेलं होतं. त्या घरचं पाणी कोणीतरी मानलं, एवढं तिच्याकडे उरलं होतं, आणि ते माझ्या नकाशात कुठेच नव्हतं म्हणून मला ते उचलून टाकता आलं नाही.

खाण सुरू झाल्यानंतर दोनेक वर्षांनी कचेरीत रशियाचं एक गुळगुळीत कागदाचं मासिक आलं. त्यात एका पानभर आमच्या ओसरीचा फोटो होता. इंजिनिअर लोटा पुढे करतोय, सरपंच त्याकडे पाहताहेत, खाली दोन देशांच्या मैत्रीबद्दल काहीतरी छापलेलं. मी साहेबांना विचारून ते पान फाडून घेतलं आणि मायला नेऊन दिलं. त्या घराचा दुसरा फोटो आमच्याकडे नव्हता, कोणाकडेच नव्हता. तिने ते बुद्धाच्या तसबिरीखाली खिळ्याने ठोकलं. पाहायला येणारे इंजिनिअरकडे बोट दाखवायचे. माय म्हणायची, त्याले नोको पाहू, त्याच्या मांगं पाह्य, ते माह्यं दार.

एकदा सुटीत गेले होते तेव्हा माय चष्मा लावून त्या पानापुढे उभी होती. नवा चष्मा होता, आणि त्यातून तिला फोटोचा कोपरा पहिल्यांदा नीट दिसला. कोपऱ्यात मी होते, दाराच्या चौकटीला टेकून उभी.

"तुह्या काखेत हे काय हाय वं?"

"नकाशा."

"कायचा?"

"गावाचा," मी म्हटलं.

तिने चष्मा काढून पदराला पुसला.

"मंग तो जपून ठेवाचा होता, बाई," ती म्हणाली, आणि माझ्यासाठी पाणी आणायला आत गेली.